डावा पीळ

नदीवरच्या नावेचा दोर तुटला तेव्हा नावेत सात माणसं, दोन शेळ्या आणि एक शिवणयंत्र होतं. माणसं वाचली, शेळ्या पोहून आल्या. शिवणयंत्र अजून नदीतच आहे, आणि ते ज्याचं होतं तो शिंपी नावाड्याचं नाव काढलं तरी तोंड फिरवतो.

त्याच दुपारी नावाडी दोरवालीच्या दारात येऊन बसला. अंगावरचे कपडे अजून ओले होते.

"पंधरा दिवस आहेत," तो म्हणाला. "वरच्या डोंगरात ढग धरलेत. एकदा नदी चढली की कुणाचा बाप आला तरी दोर पलीकडे जायचा नाही. आणि धरून ओढायला दोर नाही म्हणजे नाव नाही. पलीकडची शेतं पलीकडे, अलीकडचा बाजार अलीकडे. जमतंय का सांग. नाहीतर शहरातून नायलॉनचा आणतो."

"आणा की. नायलॉनचा हातातून सटकतो."

"ते ठाऊक आहे म्हणून तर इथे बसलोय."

"लांबी?"

"दोनशे पावलं. जाडी मनगटाएवढी. माझ्या मनगटाएवढी, तुझ्या नाही."

दोरवालीने आत बघितलं. कोपऱ्यात तिची सासू घायपाताचा वाख विंचरत बसली होती आणि काही ऐकू येत नसल्याचं सोंग करत होती. खरं तर भिंतीपलीकडची कुजबुज तिला ऐकू यायची.

"आई, काय म्हणता?"

"मला काय विचारतेस? चाक माझ्याकडे, चालणं तुझ्याकडे. तुझे पाय जागेवर आहेत का बघ."

म्हणजे हो. नावाडी उठला, आणि तो बसला होता तिथे ओला ठसा राहिला.

दोर वळणं हे एकट्याचं काम नाही. एकाने चाकाशी बसून चाक फिरवायचं. दुसऱ्याने कमरेला वाखाचा पेंढा गुंडाळायचा, त्यातले तंतू चाकाच्या आकड्याला अडकवायचे आणि मागे मागे चालत जायचं. चाक पीळ देतं, बोटं वाख सोडतात, आणि पावलागणिक दोरी वाढते. घरामागे दोन्ही बाजूंनी झाडं असलेली लांबलचक सरळ वाट होती. ती वाट दोरवाली अठ्ठावीस वर्षं उलट्या पावलांनी चालत आली होती. कुठे दगड आहे, कुठे मूळ वर आलंय, हे तिच्या टाचांना माहीत होतं. गावातले लोक थट्टेने म्हणायचे, ही बाई जन्मभर मागे मागे चालली, पण कामात हिच्या पुढे कुणी गेलं नाही. थट्टा खरी होती.

नवरा होता तोवर चाक त्याचं. तो डावखुरा. चाक डावीकडे फिरवायचा, त्यामुळे या घरच्या दोराला पीळ डावा. आसपासच्या बाजारांत दुसऱ्या कुणाच्या दोराला तसा पीळ नव्हता. गिऱ्हाईक दोरावरून नुसता अंगठा फिरवायचं आणि म्हणायचं, "त्यांच्याकडचा ना?" माणूस चांगला होता. गळा नसताना गायचा, रागावला की चाकालाच शिव्या द्यायचा, आणि तिच्या हाताला चिरा पडल्या तर स्वतः मेण गरम करून भरायचा. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तो चाकाशी बसला, छातीला हात लावला आणि तिथेच आडवा झाला. दोरवाली तेव्हा शंभर पावलांवर होती. चाक थांबलं म्हणून ती त्याच्यावर खेकसली. आपला शेवटचा शब्द तो होता, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

त्यानंतर चाकाशी म्हातारी बसली. कुणी सांगितलं नव्हतं. तेराव्या-चौदाव्या दिवशी सकाळी उठली, पदर खोचला आणि बसली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असं ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्यांतली ती होती. चाक डावीकडेच फिरवायची. घरात नातवंड नव्हतं, मुलगा गेला होता, राहिला होता तो त्याचा पीळ. तो तिने मोडू दिला नाही.

नावेच्या दोराला तीन पेड लागतात. पहिल्या पेडाला दोघींना तीन दिवस लागले. दोरवालीची कमर पेंढ्याने सोलवटून निघाली, तर्जनीच्या पेराला वाखाने रेघ कापली. म्हातारी दर दहा फेऱ्यांनी थांबायची, श्वास घ्यायची आणि म्हणायची, "थांबले नाही, चाकाला गार करतेय." तिसऱ्या दिवशी दुपारी पहिला पेड पुरा होऊन खुंटांवर ताणून ठेवला, आणि दुसऱ्याला हात घालतात तोच चाकाचा आस मोडला. मूठ उसळली ती म्हातारीच्या मनगटावर बसली.

हाड वाचलं. पण मनगट सुजून भोपळा झालं. दवाखान्यातून पट्टी बांधून आणली आणि म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली.

मग सुताराला बोलावलं. गाव त्याला मुका सुतार म्हणायचं. मुका नव्हता. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, आणि दिवसभर समोर लाकूड. बोलणार कुणाशी? चाकाभोवती तो दोनदा फिरला, वाकून बघितलं, बोटाने ठोकलं.

"सुतारदादा, आजच्या आज होईल का?" दोरवालीने विचारलं.

"उद्या दुपारी, वहिनी. सुकलेलं लाकूड शोधावं लागेल."

"उद्या सकाळी."

सुतार निघाला. दुसऱ्या दिवशी उजाडताच नवा आस खांद्यावर टाकून हजर. एका टोकाला कातकामाची नक्षी होती.

"हा खाटेचा पाय ना?" दोरवाली म्हणाली.

"हो."

"कुणाच्या खाटेचा?"

"माझ्याच."

"मग झोपणार कुठे?"

"जमीन आहे की," सुतार म्हणाला आणि आस बसवायला लागला.

आस बसला. चाक गुळगुळीत फिरायला लागलं. पण फिरवणार कोण? दोघं चाकाकडे बघत उभी राहिली. शेवटी सुतारच बसला.

"तुमचं काम?"

"एक दार करायचंय. घाई नाही त्याला. ज्याचं दार आहे त्याची भिंतच अजून झाली नाही."

आता एक अडचण लक्षात घ्यायला हवी. दोर वळताना चालणारा चाकापासून लांब लांब जातो आणि त्याचं तोंड सतत चाकाकडे असतं. फिरवणारा त्याच्याकडे बघतो, तो फिरवणाऱ्याकडे. बोलायचं म्हटलं तर पहिल्या दहा पावलांत हळू बोलता येतं, पन्नास पावलांवर आवाज चढवावा लागतो आणि दीडशे पावलांवर बोंब मारावी लागते. या दोघांची ओळख झाली ती अशी, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा बेताने.

"तुमची बायको तुमच्या कामात हात घालायची का हो?" तिने वीस पावलांवर विचारलं.

"फळी कापताना दुसरं टोक धरायची," तो चाळीस पावलांवर म्हणाला.

"आणि आता?"

"शिकंजा केलाय!" साठ पावलांवर.

"चांगला धरतो?"

"पक्का धरतो! पण कधी म्हणत नाही, जरा डावीकडे घ्या, वाकडं चाललंय!" हे तो नव्वद पावलांवर ओरडला. पलीकडच्या पीठगिरणीतली गिरणीवाली पिठाने पांढरी झालेली मान बाहेर काढून बघायला लागली.

दोरवाली हसली. मोठ्याने हसली. तीन वर्षांत या वाटेवर कुणी हसलं नव्हतं. झाडावरचे पक्षी उडाले की तिला तसं वाटलं, कोण जाणे.

मुका म्हणून नाव पडलेला तो माणूस चार दिवस थांबेना. बायकोच्या आजाराचं सांगितलं, तिने मरायच्या आदल्या आठवड्यात रंध्याच्या पात्याला धार लावून ठेवल्याचं सांगितलं. हे सांगताना ती दीडशे पावलांवर होती आणि ते ओरडून सांगावं लागत होतं. त्याला त्याची लाज वाटली नाही. दोरवालीला वाटलं, एवढ्या मोठ्याने एवढी खासगी गोष्ट सांगायला छाती लागते. मग तिनेही सांगितलं, खेकसल्याचं. ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वाटेच्या टोकावरून, दोनशे पावलांवरून सांगितलं.

सुताराने चाक थांबवलं नाही. तेवढं एक बरं केलं. चाक फिरवत राहिला आणि ओरडला, "तो काय म्हणाला असता?"

ती विचारात पडली. मग ओरडली, "म्हणाला असता, ओरडतेस काय, मरतोय इथे मी!"

दोघं हसली. हसता हसता ती रडत होती, पण तेवढ्या लांबून ते त्याला दिसलं नसावं.

म्हातारी आत भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत होती. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "दादा कुठं गेला?"

"कोण दादा?"

"पहिल्या दिवशी सुतारदादा होता. काल नुसता सुतार झाला. आज सकाळपासून ऐकतेय, सुतारही गेला आणि 'अहो' उरलंय."

दोरवालीचा घास तोंडात फिरला. "काहीतरीच तुमचं."

"माझा हात सुजलाय, कान नाहीत सुजले," म्हातारी म्हणाली. ताट सरकवलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली. या घरात आता आपलं काय, हा एकच विचार तिला खात होता. सून गेली तर चाकही गेलं, वाटही गेली, आणि मग हातावर हात धरून मरणाची वाट बघायची. ती हे बोलली नाही. पण दोरवालीला तिच्या पाठीकडे बघूनही ते कळत होतं, आणि ते कळल्यामुळे तिचं जेवण गेलं.

चौथ्या दिवशी तिसरा पेड पुरा झाला. पाचव्या दिवशी सकाळी तीन पेडांचा एक दोर वळायचा. या कामाला माणसं लागतात. नावाडी आला, त्याचे दोघे वल्हेवाले आले, आणि ज्यांचं काही काम नव्हतं तेही आले. म्हातारी बांधलेला हात छातीशी धरून उंबऱ्यात येऊन बसली. तिन्ही पेडांची टोकं आकड्याला अडकवली. दोरवालीने तीन खाचांचा लाकडी ठोकळा मध्ये घातला, सुताराला मान हलवून खूण केली आणि चालायला लागली.

वीस पावलं झाली आणि ती थांबली.

दोन पेड एकमेकांना घट्ट बसले होते. तिसरा फुगला होता, वेणी सुटावी तसा सुटत होता. तिने त्यावर अंगठा फिरवला. मग बाकीच्या दोघांवर फिरवला.

पहिला पेड डावा. म्हातारीने फिरवलेला. बाकीचे दोन उजवे. सुतार उजव्या हाताचा माणूस, जगातले सगळे फिरवतात तसं त्याने चाक फिरवलं होतं. त्याचा काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं होतं तिने. अठ्ठावीस वर्षं जिच्या बोटांतून पीळ गेला, झोपेत दोर हातात दिला तरी जी पीळ सांगेल, ती चार दिवस वाख सोडत होती आणि तिला पत्ता नाही. बोटांना काहीतरी वेगळं लागत होतं, हे खरं. पण तिला वाटलं, माणूस वेगळा आहे म्हणून वेगळं लागतंय.

"काय झालं गं?" नावाड्याने विचारलं.

"पीळ उलटा पडलाय. दोन पेडांचा."

"तुझ्या हातून?" नावाड्याचा विश्वास बसेना. "तुझ्या?"

गिरणीवालीच्या जिभेला हाड नव्हतं. "हात वाखात होते हो बाईचे," ती म्हणाली. "लक्ष कुठं होतं ते सगळ्या गावाने ऐकलंय."

वल्हेवाले खाली बघून हसले. दोरवालीचे कान तापले. सेहेचाळीस वर्षांच्या बाईला, जिच्या कामाला कधी कुणी नाव ठेवलं नाही तिला, भर सकाळी सगळ्यांसमोर पोरीबाळीसारखं लाजायची वेळ आली होती. पळून घरात जावं असं तिला वाटलं. ती गेली नाही. हातातला ठोकळा तिने नीट खाली ठेवला.

"चुकलंय माझं," ती म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं. पण पंधरातले सहा दिवस अजून माझे आहेत. सातव्या दिवशी दोर न्यायला या. नसला तर नायलॉनचा आणा, मी स्वतः पलीकडे बांधायला येईन."

नावाड्याने तिच्याकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं. "सहा," म्हणाला आणि माणसं घेऊन गेला.

गर्दी पांगली. राहिले तिघं. हिशेब सरळ होता. एक पेड सोडून परत वळायचा तर दोन दिवस. दोन सोडायचे तर सोडवायला एक, परत वळायला चार, आणि मग शेवटचा दिवस तिन्ही एकत्र वळायला. कुणालाही विचारा, एकच सोडा म्हणेल.

दोरवाली पहिल्या पेडाकडे गेली. गाठीला हात घातला, पण बोटं पुढे सरकेनात. उंबऱ्यात म्हातारी नुसती बघत होती. त्या बघण्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तो नका सोडू," सुतार म्हणाला.

"का?"

"माझे दोन सोडू."

"वेडे आहात का? चार दिवस जातील. आणि नदी आधीच चढली तर?"

सुतार चाकाशी तसाच बसून होता. हळूच बोलला, कारण ती जवळ होती. "तो पेड ज्या हाताने फिरवला तो हात आता झोळीत आहे. त्यांना परत फिरवता यायचा नाही. माझे हात धडधाकट आहेत. माझं केलेलं सोडा, मी परत करतो. चाक डावीकडे फिरवायचं ना? फिरवतो."

म्हातारीने मान दुसरीकडे वळवली.

आणि चार दिवस तो माणूस डाव्या हाताने चाक फिरवत होता, कारण डावीकडे फिरवायला उजव्याचा जोर बसत नव्हता. उजव्या हाताच्या माणसाला डाव्या हाताने जेवायला सांगा, म्हणजे कळेल. पहिल्या दिवशी त्याच्या तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले, तिसऱ्या दिवशी फडकं बांधून बसला. खांदा दुखून रात्री कूस बदलता येत नसणार, त्यात खाट मोडलेली. तक्रारीचा एक शब्द नाही. वाखाचे सोडवलेले तंतू आडमुठे झाले होते, त्यांना जुन्याच पिळाची सवय लागली होती, त्यांना पाणी मारून, विंचरून, समजूत घालून परत वळावं लागत होतं.

या चार दिवसांत दोरवाली बोलली नाही. 'हळू', 'थांबा', 'चला', एवढंच. सगळं लक्ष बोटांवर. मान खाली घालून ती मागे मागे जायची, टोक आलं की वळायची, परत यायची. सुताराने पहिल्या दिवशी दोन-तीनदा हाका मारून बघितल्या. पुढे तोही गप्प झाला. गिरणीवाली रोज मान बाहेर काढायची आणि हात हलवत परत जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र म्हातारी उंबऱ्यातून उठली आणि मेणाची वाटी गरम करून आणली. एका हाताने आणली, अर्धं मेण वाटेत सांडलं. सुतारापुढे वाटी ठेवली.

"फोडांत भर," ती म्हणाली. "आणि मनगट असं आत वळव. कोपर पोटाशी. नाहीतर खांदा जाईल."

तिने उभं राहून त्याच्याकडून दहा फेऱ्या करवून घेतल्या. "हं," म्हणाली आणि परत जाऊन बसली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी दोर तयार होता. तिन्ही पेड एकमेकांत असे बसले होते की मध्ये नख जाईना. सातव्या दिवशी सकाळी तो सहा माणसांच्या खांद्यांवरून नदीवर गेला. पाणी गढूळ व्हायला लागलं होतं, काठाचा पहिला दगड बुडाला होता. दोर पलीकडे नेला, ताणला, बांधला. नावाड्याने नावेत ती काठोकाठ पाण्यात बसेल एवढे दगड भरले आणि मधल्या धारेत जाऊन नाव आडवी धरली. पाणी नावेला ढकलत होतं. दोर पाण्यावर धनुष्यासारखा वाकला, करकरला, त्यातून पाण्याचे थेंब पिळून निघाले आणि तो तसाच राहिला. नावाडी तिथूनच ओरडला, "धरलंय!" काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिंपीसुद्धा आला होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण आला होता.

दोरवाली सुताराला शोधत होती. तो मागे उभा होता, हाताला फडकं गुंडाळून.

"झालं काम," ती म्हणाली.

"झालं," तो म्हणाला. थोडा वेळ उभा राहिला. ती आणखी काही बोलेल असं त्याला वाटलं असावं. चारचौघांत तिने नुसता पदर सावरला. "दार करायचंय," तो म्हणाला, "भिंत झाली असेल आता," आणि निघून गेला.

चार दिवस गेले. नदी चढली, नाव दोराला धरून ये-जा करायला लागली. दोरवालीने वाट झाडली, वाख धुतला, वाळवला, विंचरला. म्हातारीची पट्टी निघाली. पाचव्या दिवशी सकाळी दोरवाली चाक पुसत होती. पुसून झालेलं चाक ती परत पुसत होती.

"आई," ती म्हणाली. तिच्याने राहवेना. "मला तुम्हाला सांगायचंय. तो माणूस मला आवडतो. तुमच्या मुलावर माझा जीव होता, त्यात काही खोटं नव्हतं, आणि तो जीव अजून गेलेला नाही. पण हेही खरं आहे. मी त्याला सांगणार आहे की इथे येऊन राहा. इथे. मी कुठे जाणार नाही. आणि तुम्ही नको म्हणालात तर सांगणारही नाही."

सुजेतून बाहेर आलेलं मनगट म्हातारीने गोल फिरवून बघितलं.

"मी उजवी आहे गं," ती म्हणाली.

"काय?"

"उजव्या हाताची. भाजी उजव्याने चिरते, सुई उजव्याने ओढते. इतकी वर्षं एका घरात राहतेस, बघितलं नाहीस? तो डावखुरा बापावर गेला होता." ती चाकाकडे बघत होती. "तीन वर्षं डाव्याने फिरवलं. रोज. रात्री हात उशाशी घेऊन निजायचे, दुखायचा म्हणून. म्हटलं, आपण थांबलो की तो संपला." "त्या सुताराचा हात सोललेला बघितला आणि मला माझीच दया आली. दमले गं मी. मला आता उठू दे या चाकावरून."

दोरवाली तिच्यापाशी खाली बसली आणि तो हात तिने मांडीवर घेतला. दोघी रडल्या. म्हातारी आधी सावरली.

"जा आता," ती म्हणाली. "आणि उगाच चऱ्हाट वळत बसू नकोस तिथे. दोन शब्दांत सांग."

दोरवाली निघाली. मागच्या बाजूने शेताच्या कडेने एक वाट होती, तिकडून कुणाला दिसलं नसतं. ती त्या वाटेने गेली नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता. भर सकाळी, मधल्या रस्त्याने, गिरणीसमोरून गेली. गिरणीवालीने मान बाहेर काढली.

"कुठं निघालात?"

"सुताराकडे," दोरवाली म्हणाली. "माझं काम आहे."

गिरणीवालीला पुढे काय विचारावं हे आयुष्यात पहिल्यांदाच सुचलं नाही.

सुताराच्या पडवीत भुशाचा वास होता. शिकंज्यात फळी अडकवून तो रंधा मारत होता. डावा तळहात अजून लाल होता. तिला बघून तो थांबला.

"चाक बिघडलं का?"

"नाही."

"मग?"

दोन शब्दांत सांगायचं होतं. ती पदराला हात पुसत उभी राहिली. त्यालाच तिची दया आली असावी, कारण तो रंध्याकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही रागावलात. ते चार दिवस तुम्ही एकदाही मान वर केली नाही. मी रोज बघत होतो. मला वाटलं, माझ्यामुळे सगळ्या गावासमोर तुमची फजिती झाली, आता ही बाई आपलं तोंड बघायची नाही."

"बघितलं असतं तर परत पीळ चुकला असता," दोरवाली म्हणाली.

सुताराने रंधा खाली ठेवला. तो तिच्याकडे बघत राहिला आणि यावेळी तिनेही मान खाली घातली नाही. चाळीस-पन्नास पावलांचं नाही, दोन पावलांचं अंतर होतं, आणि ओरडायची गरज नव्हती.

"कधी येऊ?" त्याने विचारलं.

"आज. आणि हत्यारं सगळी आणा. परत न्यायला लागणार नाहीत."